चित्र कुठे अडखळते

१ ऑगस्ट २००६, घाटनांदूर

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत निरीक्षणे लिहिण्याची सवय जडली होती. आता पदवी हाती आली आणि प्रयोगशाळा सुटली. सवय तेवढी उरली. ती येथे वापरावी असे ठरवले आहे.

पुढील शिक्षणासाठी औरंगाबादला पाठवण्यास अप्पांनी नकार दिला, परंतु तो शब्दांत दिला नाही. त्यांनी आपल्या भांड्यांच्या दुकानाचा डावा भाग रिकामा केला, पितळी घागरी माळ्यावर चढवल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत संगणक आणून ठेवला.

"लग्नाची भांडी घ्यायला माणसं आपल्याकडंच येत्यात," ते म्हणाले. "मंग शूटिंग बी आपलंच घ्या म्हणू. ज्यांच्या जुन्या लग्नाच्या फाइली हायत, त्यांना डीव्हीडी करून देऊ. ह्या मन्मथप्पाची पोरगी शिवा कॉलेजात पहिली आली ती काय उगंच? दसऱ्यापर्यंत बघू. बसलं तर बसलं."

कॅमेरा धरण्यासाठी आदिनाथला ठेवले आहे. अंबाजोगाईच्या एका स्टुडिओत तो हे काम शिकला. त्याचे आईवडील दर वर्षी दसरा झाला की टोळीबरोबर ऊस तोडायला कारखान्यावर जातात. तोही जात असे. या वर्षी प्रथमच त्याने मुकादमाला नकार कळवला आहे. आमचे काम दसऱ्यापर्यंत स्थिर झाले तर तो येथे राहील. न झाल्यास ट्रक आहेच. हे त्याने मला हसत सांगितले. हसण्याचे कारण समजले नाही.

५ ऑगस्ट

पहिल्याच कामात दोष निघाला. शिवणकाम करणाऱ्या सरस्वतीबाईंनी भावाच्या लग्नाच्या चित्रणाच्या फाइली दिल्या होत्या. मी त्या डीव्हीडीच्या स्वरूपात आणून तबकडीवर उतरवल्या. (लोक तबकडीला 'शिडी' म्हणतात. मी दुरुस्त करीत नाही.) आज त्या तबकडी घेऊन दुकानात आल्या आणि पातेली पाहणाऱ्या चार बायकांसमोर म्हणाल्या, "बाई, तुमच्या शिडीत आमची वरात लंगडती. घोडा बी लंगडतो अन् नवरदेव बी."

बायका हसल्या. मी संगणकाच्या पडद्याआड बसून राहिले. उत्तर आदिनाथने दिले, "घोडा भाड्याचा व्हता मावशी, त्याला तसंच चालायचं ठरलं व्हतं." त्यावर सरस्वतीबाईही हसल्या. माझ्या मते असे उत्तर अशास्त्रीय आहे.

८ ऑगस्ट

कारण सापडले. अडखळणे ठराविक ठेक्यात होते, हे माझ्या लक्षात आले आणि तेथूनच उलगडा झाला. फाइलीत दर सेकंदाला पंचवीस चित्रे आहेत. आपल्याकडील दूरचित्रवाणीही पंचवीसच मागते. सॉफ्टवेअरने मात्र परदेशी पद्धत गृहीत धरून तीस केली होती आणि ती भरून काढण्यासाठी ते प्रत्येक पाचवे चित्र दोनदा दाखवीत होते. पद्धत बदलली. शिवाय तबकडी लिहिण्याचा वेग सर्वांत कमी ठेवला. घाईने लिहिलेले जुन्या प्लेअरांना वाचवत नाही. घोडा आता सरळ चालतो.

निष्कर्ष: जे ठेक्यात अडखळते तो यंत्राचा दोष.

आदिनाथला समजावून सांगितले. तो म्हणाला, "ताई, तुमी सांगितलं की सगळं सोपं वाटतंय." हे तो प्रामाणिकपणे म्हणाला की कामाच्या लोभाने, हे ठरवता आले नाही.

१४ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

दुकानाच्या पत्र्यातून गळते, म्हणून तयार तबकड्या अप्पा संध्याकाळी घरी आणतात आणि सकाळी आदिनाथ त्या गावोगाव पोचवतो. प्रत्येक कामाच्या मी दोन प्रती करते. एक ग्राहकाची, दुसरी संगणकाच्या खणात राहते.

आमच्या घराचा आजोबांपासूनचा रिवाज आहे की लग्नाची कोणतीही वस्तू देवापुढून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती पडत नाही. कलश असो वा ताट, आई त्याला विभूतीची तीन बोटे ओढते, मग धोतराच्या मऊ फडक्याने गोल गोल फिरवून लखलखीत करते आणि कागदात बांधते. आता तबकड्याही देवघरात जाऊ लागल्या आहेत. आई म्हणाली, "लेकीच्या हातचं पहिलं काम हाय, तसंच कसं जाऊ द्यायचं?" मी हरकत घेतली नाही. देवघरात धूळ कमी असते आणि आईच्या हाताला माझ्यापेक्षा अधिक स्वच्छता आहे. तबकडीवरचे माझ्या बोटांचे ठसेसुद्धा ती राहू देत नाही.

२२ ऑगस्ट

तेलगावहून पंडितराव नावाचे गृहस्थ आले. त्यांच्या मुलीच्या लग्नाची तबकडी आदिनाथने गेल्या आठवड्यात पोचवली होती. ते भांड्यांच्या बाजूला न जाता थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"पोरगी हार घालाया हात वर करती अन् तितंच दगड होती," ते म्हणाले. "मंग एकदम जेवणावळ. हार घातला का न्हाई, कुणाला ठाऊक. जावयाच्या घरी आमचं हसं झालं. म्हणले, लग्न लागलं का न्हाई ते तरी बघा."

मी नवी प्रत देण्याचे कबूल केले. माझा आवाज त्यांना ऐकू गेला नाही. अप्पांनी तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हटले.

२६ ऑगस्ट

आणखी दोन तक्रारी. दोन्ही ठिकाणी चित्र मध्येच थिजते, चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो. ठेका नाही.

क्रमाने तपासले. फाइली निर्दोष. पद्धत योग्य. लिहिण्याचा वेग कमी. भारनियमनाच्या वेळी मी तबकडी लिहीतच नाही. दुसऱ्या बनावटीच्या तबकड्या आणून पाहिल्या, तोच दोष. ग्राहकाचा प्लेअर बिघडला असेल म्हणून तीच तबकडी आमच्या प्लेअरवर लावली. येथेही ती थिजते. परंतु त्याच लग्नाची खणातली प्रत, त्याच दिवशी, त्याच यंत्रावर लिहिलेली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाहत्या पाण्यासारखी चालते.

याचा अर्थ दुकानातून निघताना तबकडी निरोगी असते आणि ग्राहकाकडे पोचते तेव्हा आजारी.

३० ऑगस्ट

परत आलेल्या तबकड्या उन्हात तिरक्या धरून पाहिल्या. चकाकत्या बाजूवर केसांहून बारीक चरे आहेत, आणि तेही वर्तुळाकार, तबकडीच्या कडेला समांतर. पडल्याने किंवा घासटल्याने पडणारे चरे आडवेतिडवे असतात. केंद्राकडून कडेकडे गेलेला चरा प्लेअर सहज ओलांडतो. परंतु गोल चरा लिहिलेल्या रेषेवरूनच धावतो आणि एका जागची पुष्कळ माहिती पुसून टाकतो. म्हणजे हे ज्याने केले, त्याने नेमके सर्वांत घातक तेच केले. शांतपणे बसून, पुन्हा पुन्हा, एकाच दिशेने.

हे यंत्राचे काम नव्हे. हे माणसाचे काम आहे.

तबकडी तीनच ठिकाणी असते. दुकान, घर आणि आदिनाथची पिशवी. दुकानात मी असते. घर वगळावे लागेल. उरली पिशवी.

२ सप्टेंबर

आदिनाथचे निरीक्षण सुरू केले आहे. आजच्या नोंदी.

तो तबकडी देऊन लगेच परतत नाही. ग्राहकाच्या घरी ती लावून, काही वेळ पाहूनच निघतो. कशासाठी, असे विचारले तर म्हणाला, "अटकली तर तुमच्या आधी मला कळावं म्हणून." मला आधी कळू नये, असे त्याला का वाटते?

गेल्या काही दिवसांपासून त्याने मला 'ताई' म्हणणे बंद केले आहे. आता 'म्याडम' म्हणतो. ज्याला मन स्वच्छ ठेवायचे असते तो संबोधन बदलत नाही.

तो माझ्याकडे पाहतो आणि मी पाहिले की दुसरीकडे पाहतो. आज असे बऱ्याच वेळा घडले. अपराधी माणसाची ही खूण पुस्तकांतही दिली आहे.

सकाळी त्याने माझ्यासाठी अंबाजोगाईहून एक जुने मासिक आणले. त्यात तबकड्यांविषयी लेख होता. विश्वास संपादन करण्याचा हा प्रयत्न असावा. लेख चांगला आहे.

७ सप्टेंबर

आज संशयाला आकार आला. स्टेशनच्या वाटेवर राधाकिशन शेटचा स्टुडिओ आहे. घाटनांदुरात आमच्याआधी हे काम ते एकटेच करीत. मी वाचनालयातून परतत असताना आदिनाथ त्यांच्या दुकानाच्या पायऱ्या चढताना दिसला. हातात आमच्या दुकानाचे पाकीट होते, त्यावर माझे अक्षर. मी रसवंतीच्या आडोशाला उभी राहिले. आतून राधाकिशन शेटचा आवाज आला, "आणलीस का पुन्हा? दे इकडं, लाव." मग दोघेही आतल्या खोलीत गेले. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. कदाचित अपेक्षेइतकी मजुरी मिळाली नसेल.

आमची तबकडी आमच्या प्रतिस्पर्ध्याच्या आतल्या खोलीत. यापुढे पुरावा तो कोणता हवा?

११ सप्टेंबर

एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण ती प्रथम माझ्या तर्काच्या विरुद्ध वाटली. काही तबकड्यांविषयी तक्रार येत नाही. मी यादी ताडून पाहिली. ज्या घाईच्या कामांत तबकडी घरी न जाता दुकानातूनच थेट आदिनाथच्या हाती गेली, त्या सर्व निर्दोष निघाल्या.

पुष्कळ विचार केला आणि उलगडा झाला. त्या वेळी मी समोर असते. माझ्या देखत घेतलेल्या वस्तूला तो हात लावण्यास धजत नाही. म्हणजे त्याच्या ठायी अजून लाज शिल्लक आहे. ही गोष्ट अप्पांना सांगताना त्याच्या बाजूने मांडावी.

१५ सप्टेंबर

आज अप्पांना सर्व सांगितले. मुद्दे क्रमाने मांडले. अप्पा ताटांवर नावे घालीत होते. त्यांनी यंत्र बंद केले.

"म्हंजी ते पोरगं राधाकिशनच्या पैशावर आपल्या शिड्या खरवडतं?"

"निरीक्षणांवरून तसा निष्कर्ष निघतो."

"निष्कर्ष न्हाई गं. हो का न्हाई, एवढं सांग."

मी "हो" म्हटले.

अप्पांनी आदिनाथला बोलावले. मी मागच्या खोलीत गेले, परंतु दार पातळ आहे.

"उद्यापून येऊ नको."

"कावून अप्पा? काय झालं?"

"काय झालं ते तुला ठाऊक हाय. शिड्यांचं."

मग तो म्हणाला, "म्याडम असं म्हणल्या का?"

त्याने कॅमेऱ्याची पिशवी गल्ल्याशेजारी ठेवली असावी, बकल वाजले. एवढेच. त्याने वाद घातला असता तर मला अधिक निश्चिंत वाटले असते.

१९ सप्टेंबर

अप्पांनी बाजारात सांगितल्यामुळे गावभर झाले आहे. लोक म्हणतात, ऊसतोड्याच्या हातात मशीन दिली की असंच व्हायचं. हे विधान माझ्या निष्कर्षातून निघत नाही. मी जातीबद्दल, धंद्याबद्दल काही म्हटले नव्हते. कोणी मला विचारले तर तसे सांगेन. कोणी विचारले नाही.

२४ सप्टेंबर

आता अप्पा स्वतः तबकड्या पोचवतात. पंडितरावांची नवी प्रत त्यांनी काल तेलगावला स्वतःच्या हाताने दिली.

२६ सप्टेंबर

पंडितरावांचा दूरध्वनी आला. मुलगी आता हारापर्यंतही पोचत नाही. मांडवात शिरतानाच थिजते.

अप्पा म्हणाले, "जाता जाता एस्टीत हादरे बसले असतील." हादऱ्यांनी गोल चरे पडत नाहीत, हे मीच सिद्ध केले होते.

जेवले नाही. आईने कपाळाला हात लावून पाहिला.

२७ सप्टेंबर

सकाळी देवघराच्या उंबऱ्यावर बसले. आई पूजा करीत होती. मी रोज त्या वेळी वाचत असते, म्हणून आजवर कधी पूर्ण पाहिले नव्हते.

इष्टलिंगाची पूजा झाली. मग तिने पाकीट उघडले, तबकडी काढली आणि चकाकती बाजू वर करून पाटावर ठेवली. विभूतीच्या वडीवर बोटे घासली आणि तीन रेघा ओढल्या. हात जोडले. माझे नाव घेतले, कामाला यश मागितले. नंतर धोतराचे फडके घेऊन, ताट पुसावे तसे, मधून कडेकडे नव्हे तर गोल गोल, दाबून, विभूती पूर्ण निघेपर्यंत पुसत राहिली. पुन्हा प्रकाशात धरून पाहिले. समाधान होईना म्हणून आणखी एकदा.

"पाठीला का लावीत नाहीस?" मी विचारले.

"पाठीला कुणी लावतं व्हय? चकाकतं ते तोंड."

खणातली एक निर्दोष प्रत दुकानातून आणली. आधी ती घरच्या प्लेअरवर चालवली, नीट चालली. मग तिला विभूती लावली, त्याच फडक्याने तसेच पुसले आणि पुन्हा लावली. नवरी हात वर करते आणि थिजते.

आई मागे उभी होती. तिला प्रयोग समजावून सांगावा लागला नाही.

"मी," ती म्हणाली. मग म्हणाली, "ते पोरगं रोज सकाळी दारात येऊन 'आई, पाकीट' म्हणायचं. मी त्याच्या हातात द्यायची. अन् त्याला चहा बी विचारायची."

मी एकच शब्द लिहून ठेवते. 'वगळावे.' घर वगळावे, असे मी लिहिले होते. का वगळावे, याचे कारण तेथे दिलेले नाही. प्रयोगशाळेत असे केले असते तर सरांनी पान फाडले असते.

२८ सप्टेंबर

अप्पांना सांगितले. त्यांनी हातातले ताट खाली ठेवले. मग म्हणाले, "बरं झालं कळलं. आता शिड्या देवघरात न्यायच्या न्हाईत. झालं."

"आदिनाथचे काय?"

"त्याचं काय?"

"तो निर्दोष आहे, हे सांगावे लागेल."

"कुणाला? गावाला? देवाच्या अंगाऱ्यानं माल नासला म्हणून सांगू? हितं माणसं आपल्याकडून कलश नेत्यात ते का नेत्यात, तुला म्हाईत हाय का शिवा? आपल्या देवघरातून येतो म्हणून. तुझ्या आईला तोंड दाखवायला जागा राहील का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तो जाणारच व्हता. दर साली जातो. त्यांना सवय असती."

मी प्रथमच अप्पांच्या बोलण्यात दोष शोधला आणि तो सापडला. सवय असणे म्हणजे अपराधी असणे नव्हे. परंतु वाक्य ओठांवर आले नाही. दसरा चार दिवसांवर आहे.

१ ऑक्टोबर

आई दुपारी माझ्या खोलीत आली. "त्याला सांगितलंस का?" मी नाही म्हटले. ती म्हणाली, "मला गावात लाज वाटंल म्हणून तू गप हायेस. माझी लाज मी बघते, अन् तुझ्या अप्पाला बी बघते. तू जा."

रेल्वे फाटकापलीकडे टोळीचा ट्रक उभा होता. बायका भांडी, पिठाचे डबे, कोंबड्यांचे खुराडे वर चढवीत होत्या. आदिनाथ ट्रकवर उभा राहून बांबू बांधीत होता. मला पाहून त्याची आई सुभद्राबाई पुढे आली. "कोण पाहिजे बाई?" मी नाव सांगितले. तिने मला वरून खालपर्यंत पाहिले आणि मुलाला हाक मारली, "आदिनाथ, तुझा निकाल लावणारी आली बघ."

तो खाली उतरला. मी सांगितले. घरी वाक्ये रचून आणली होती, ती सर्व विसरले आणि उरले ते असे, "आमच्या घरात झाले. आईच्या विभूतीने. तू केले नाहीस. मी खोटे निष्कर्ष काढले."

तो हसला नाही. आजूबाजूचे लोक ऐकत होते.

"मला ठाऊक व्हतं मी केलं न्हाई ते," तो म्हणाला. "तुमची शिडी घिऊन मी राधाकिशन शेटकडं चार खेपा घातल्या, त्यांच्या प्लेअरवर लावून बघायला, कुठं अटकती म्हणून. त्यांना बी समजंना. आता तेच म्हणत्यात, तुझं नाव झालंय, तुला कॅमेरा दिला तर माझं गिऱ्हाईक तुटंल. एरवी त्यांनी ठेवलं असतं."

"आमच्याकडे परत—" मी म्हणाले.

"न्हाई."

तो इतक्या लवकर 'नाही' म्हणाला की माझे वाक्य अर्धेच राहिले.

सुभद्राबाई म्हणाली, "आता कबूल करून काय फायदा? चार लोकांत खोटं ठरवलं, अन् खरं सांगाया ट्रकपाशी आली. ट्रक परवा पहाटं हालतो. ज्यानं ऐकायला पाहिजे तो हितं न्हाई."

तिचे म्हणणे अचूक होते.

२ ऑक्टोबर, दसरा

राधाकिशन शेटच्या दुकानात आज आपट्याची पाने द्यायला माणसे जमली होती. सर्व पुरुष. मी पायरीवर उभी राहिले, तेव्हा बोलणे थांबले.

"या, मन्मथप्पाच्या लेकी," शेट म्हणाले. "सोनं द्यायला आलात का भांडाय?"

मी पाने दिली. मग सांगितले. आवाज लहान निघाला. कोणीतरी म्हणाले, "मोठ्यानं बोला, कुणी खात न्हाई." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. विभूती, फडके, गोल चरे, आमचे देवघर. आदिनाथविषयी जे बाजारात ऐकले ते माझ्यामुळे पसरले आणि ते खोटे आहे, हेही सांगितले. शेवटच्या बाकावर गहिनीनाथ तांबट होते, ज्यांच्याकडून अप्पा कलश घडवून घेतात. ते खाली पाहू लागले.

एक माणूस हसून म्हणाला, "म्हंजी देवानंच शिडी नासवली म्हणा की."

"देवाने नाही. आम्ही देवाची वस्तू यंत्रावर घासली. यंत्राला ती सोसली नाही."

शेटनी विचारले, "हे अप्पाला विचारून सांगतीस का?"

"नाही."

"मंग उद्या अप्पानं म्हणलं की पोरीचं डोकं फिरलंय?"

"तबकड्या मी आणल्या आहेत." मी पिशवीतून दोन काढल्या, एक घासलेली, एक तशीच. "दोन्ही लावून पाहा."

त्यांनी लावल्या. सर्वांनी पाहिले. पहिलीत नवरी थिजली तेव्हा कोणी हसले नाही. दुसरीत हार घातला गेला.

"असला कारागीर मोकळा सुटला तर मी घेणारच," शेट म्हणाले. "पण तुमीच का ठेवीना त्याला?"

"तो आमच्याकडे येणार नाही."

"विचारलं का?"

"विचारले."

त्यांनी दुकानातल्या एकाला मोटारसायकल घेऊन फाटकाकडे पाठवले. त्यानंतर मी घरी आले. अप्पा दारात उभे होते. माझ्याआधी बातमी पोचली होती. आईने त्यांच्यासमोरच मला पाणी दिले.

९ ऑक्टोबर

अप्पा माझ्याशी कामापुरते बोलतात. या आठवड्यात दोघांनी कलश सांगितले होते, ते रद्द केले. एक बाई मात्र येऊन म्हणाली, जिथं चूक सांगत्यात तिथूनच घ्यावं. अप्पांनी तिला नेहमीपेक्षा जड ताट दाखवले.

बिघडलेल्या सर्व तबकड्यांच्या नव्या प्रती करून दिल्या. तेलगावला मी आणि आई एस्टीने गेलो. पंडितरावांनी सगळ्या घराला बोलावून हार पडेपर्यंत तबकडी पाहिली आणि मग म्हणाले, "लागलं बाबा लग्न."

ट्रक गेला. त्यात कोण होते, हे पाहण्यास मी गेले नाही.

१२ नोव्हेंबर

तुळशीचे लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली. आज पहिली वरात बाजारपेठेतून आमच्या दुकानावरून गेली. शूटिंग राधाकिशन शेटचे होते आणि कॅमेरा आदिनाथच्या खांद्यावर. तो मागे मागे चालत चित्रण करीत होता, लोक त्याला वाट करून देत होते. कोणी त्याला ऊसतोड्या म्हटले नाही. एकाने "भाऊ, आमचा बी घ्या" म्हटले.

काही तांत्रिक निरीक्षणे नोंदवणे आवश्यक वाटते. वरात जात असताना कॅमेरा नवरदेवावर ठेवावा, असा सर्वमान्य नियम आहे. नवरदेव घोड्यावर होता आणि घोडा सरळ चालत होता. तरीही आमच्या दुकानासमोर येताच कॅमेरा डावीकडे वळला, घागरींवरून फिरला आणि मी बसते तेथे थांबला. बराच वेळ थांबला. तोवर नवरदेव पुढे निघून गेला. एरवी कॅमेरा वळला की मी आत जाते. आज गेले नाही. जागची हललेही नाही, त्यामुळे चित्र स्थिर आले असावे.

कॅमेऱ्याचे काम शिकलेल्या माणसाकडून अशी चूक होणे संशयास्पद आहे. राधाकिशन शेटना कळवावे की काय, याचा विचार करीत आहे. अद्याप कळवलेले नाही.